कोरे केस

३ डिसेंबर, मंगळवार

"थुंकल्याशिवाय गुंतवळ टाकू नये गं, कुणीही आपलं म्हणतं." आईचं हे वाक्य मला आज कितीतरी वर्षांनी आठवलं. मालनबाई ओट्यावर उन्हात केस विंचरत बसल्या होत्या. फणीतलं गुंतवळ त्यांनी बोटाभोवती गुंडाळलं, त्यावर थू थू केलं आणि उकिरड्याकडे भिरकावलं. अगदी आईसारखं. नव्या जागी पाऊल ठेवताच कुणीतरी आपल्या घरचं भेटावं, तसं वाटलं.

सकाळी गोरक्षच्या जीपने नाशिकहून निघाले. हरसूल सोडून डोंगरात शिरलो तेव्हा थंडीने दात वाजत होते, आणि उनपाड्याच्या वळणावर एकदम वाफ दिसली. भाताच्या कापलेल्या खाचरांच्या वर, कुणी मोठ्ठं पातेलं चुलीवर ठेवून विसरल्यासारखी. गोरक्ष म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं गीझर फुकट हाय."

मालनबाईंची मागची खोली मला मिळाली आहे. शेणाने सारवलेली, स्वच्छ. एकच खिडकी, पश्चिमेला, लोखंडी गजांची. तिच्यातून वरचं कुंड समोर दिसतं. कुंडं तीन. दगडांनी बांधलेली, एकातून दुसऱ्यात पाणी उतरतं. वरच्याचं पाणी अडुसष्ट अंश, मधल्याचं चोपन्न, खालच्याचं एक्केचाळीस. खालच्यात पाड्यावरचे लोक अंघोळ करतात, गुरं पाणी पितात. वरच्यात हात घालता येत नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. कोणत्या पाण्यात कोणत्या बुरश्या राहतात, किती प्रकारच्या, आणि ते कशावर ठरतं: उष्णतेवर, पाण्याच्या सामूवर, गंधकावर, की काठावर पडणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर. माझा अंदाज असा, की साठ अंशांच्या वर एकही बुरशी तगत नाही. वरचं कुंड रिकामं निघालं की माझा अंदाज खरा.

दुपारी मालनबाईंनी तांदळाचं गाठोडं वरच्या कुंडात सोडलं. त्याआधी त्यातले चार दाणे दातांखाली चावले आणि परत गाठोड्यात टाकले. मी विचारलं, हे नैवेद्याच्या उलट नाही का? त्या हसल्या. "देवाला कोरं द्यावं ताई. ह्याला उष्टंच. लय लबाड हाय हे. कोरं दिसलं का आपलंच म्हनतं." नवं लुगडं इथे आधी नेसतात, मगच धुतात. बाळाला पहिल्यांदा इथल्या पाण्याने न्हाऊ घालायच्या आधी आई त्याचं कपाळ चाटते. उसनं नेऊन परत न करणाऱ्या शेजारणीबद्दल बोलावं, तशा त्या कुंडाबद्दल बोलतात.

भात मऊ शिजला होता म्हणे. मला ते चावलेले दाणे आठवत राहिले. मी माझा डबा खाल्ला.

५ डिसेंबर, गुरुवार

बुरशी पकडायची म्हणजे मासे पकडण्यासारखंच. आमिष लावायचं आणि वाट पाहायची. गवताच्या काड्या, भाताचं तूस आणि केस. केसांवर वाढणाऱ्या बुरश्या वेगळ्या असतात, आणि त्यांना लहान मुलांचे केस लवकर मानवतात, कारण त्या वयात डोक्याच्या त्वचेत तेल फारसं तयार होत नाही. आमच्या धंद्यात घरी लहान मूल असणं ही सोय समजतात.

माझी आरोही आठ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिचे केस कापले तेव्हा मी खाली स्वच्छ रुमाल धरला होता. "म्हणजे माझे केस कामाला जाणार?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "मग पगार मला द्यायचा हं. तू नाही खायचा."

ते केस धुतले, बोटभर तुकडे केले, फॉइलमध्ये गुंडाळून प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक केले. तेव्हापासून चिमट्याशिवाय कशाचाही त्यांना स्पर्श नाही. या पाड्यावर त्याहून स्वच्छ वस्तू नसेल.

आरू वेळेच्या फार आधी जन्मली. काचेच्या पेटीत होती. मी तिला पहिल्यांदा हात लावला तो हातमोजा घालून. ती भीती माझ्यातून कधी गेलीच नाही. आमच्या घरी प्रत्येकाचा पेला वेगळा, चमचा वेगळा. मी तिच्या घासावर कधी फुंकरसुद्धा घातली नाही; पंख्याखाली धरून निववला. रविराज सुरुवातीला चिडायचा, "आई आहेस की फूड इन्स्पेक्टर?" मग त्यालाही सवय झाली. आता आरूच शाळेत मैत्रिणींना सांगते, उष्टं खाल्लं की जंतू जातात.

नायलॉनच्या जाळीच्या पुड्या मासेमारीच्या दोऱ्याने तिन्ही कुंडांत सोडल्या. एक पुडी तशीच कोरडी, फॉइलमध्ये, खोक्यात बंद. तिला पाणी लागू द्यायचं नाही. तुलनेसाठी.

मालनबाई काठावर उभ्या होत्या. केस दिसल्यावर म्हणाल्या, "थुकली का त्यांच्यावर?" मी हसून फॉइल दाखवलं, निर्जंतुक म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी विचारलं, कुणाचे केस? मी म्हटलं, लहान मुलीचे. "कोनाच्या?" माझ्या, मी म्हटलं. त्यांनी वाळत घातलेल्या मिरच्या गोळा केल्या आणि आत गेल्या. ऊन चांगलं होतं अजून.

१० डिसेंबर, मंगळवार

खालच्या कुंडाने मला श्रीमंत केलं! गवताच्या काड्यांवर हिरवी, राखाडी, बदामी बुरशी, एकावर एक. गुरांच्या शेणातून आलेली, पाचोळ्यातून आलेली, माणसांच्या अंगावरून आलेली. मधल्या कुंडात प्रकार मोजकेच, पण चिवट: उष्णतेत सुखाने राहणारे, तपकिरी मखमलीसारखे. जसजसं पाणी तापत जातं तसतशी गर्दी ओसरत जाते. हेच तर मला दाखवायचं होतं. वरच्या कुंडातल्या पुडीवर काही नाही.

संध्याकाळी शाळेजवळच्या उंचवट्यावर रेंज मिळाली. आरू म्हणाली, वर्गातल्या मैनाने तिच्या डोक्यावरचे दोन भोवरे शोधून काढले आणि आता सगळे तिला दोन नवऱ्यांची बायको म्हणतात. मी सांगितलं, त्यांना म्हणावं एक स्वयंपाक करेल, दुसरा भांडी घासेल. ती खूप हसली.

१४ डिसेंबर, शनिवार

वरच्या कुंडातले केस पांढरे झाले आहेत.

मी आधी चुना समजले. भिंगाखाली पाहिलं, तर धागे. स्पष्ट, जिवंत धागे, प्रत्येक केसाला आरपार छेदून गेलेले. अडुसष्ट अंशांत! थर्मामीटर तीनदा लावला. विभागप्रमुख सरांना फोन केला. ते म्हणाले, "पुन्हा कर, आणि कुणाला सांगू नकोस." म्हणजे त्यांनाही आनंद झाला.

निम्मे केस बशीतल्या माध्यमावर लावले, निम्मे त्याच पुडीत परत सोडले. माझा अंदाज चुकला आणि मी इतकी खूश आहे, की मालनबाईंना मिठी मारली. त्या ताठ उभ्या राहिल्या. मग एवढंच विचारलं, पोरगी बरी हाय ना?

१७ डिसेंबर, मंगळवार

काहीतरी बसत नाही.

ही बुरशी अडुसष्टला वाढत नाही. चोपन्नला नाही, एक्केचाळीसला जेमतेम. ती वाढते सदतीस अंशांना, आणि तिथे मात्र दुधासारखी उतू जाते. सदतीस म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब. जी त्या पाण्यात जगूच शकत नाही, ती त्या पाण्यातून आली कशी? गुहेत राहणाऱ्याला उन्हातच भूक लागावी, तसं हे झालं. जणू तिचं घर ते पाणी नाहीच. ती तिथे फक्त वाट पाहत थांबली होती.

आणि तिचा आकार. बुरशी बशीत गोल पसरते, एका मध्यापासून. या बशीत दोन मध्य आहेत, शेजारी शेजारी, आणि धागे त्यांच्याभोवती वळत गेलेत. मी बशी हातात धरून बराच वेळ पाहत राहिले. रोज सकाळी वेणी घालताना मी जे पाहते तेच ते. डावा भोवरा थोडा मोठा.

झाकण किलकिलं केलं. बुरशीला मातीचा, ओलाव्याचा वास येतो. हिला झोपेतून उठलेल्या मुलाच्या टाळूचा वास आहे.

रविराजचा फोन. आरूला थोडी कणकण आहे. सकाळी उशी भिजलेली असते म्हणे, घामाने.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज खोका उघडला. जी पुडी मी कधीच पाण्यात सोडली नाही, तीसुद्धा ओली आहे. कोमट. फॉइलच्या आत केस पांढरे, आणि गंधकाचा वास. बंद खोक्यात. माझ्या उशाशी.

चूक माझी असेल. चिमटा बदलला नसेल, हात लागला असेल. दिवसभर स्वतःला हेच सांगत राहिले, आणि दिवसभर मला माहीत होतं की हात लागलेला नाही.

शेवटी मालनबाईंकडे जाऊन बसले. त्या टाळत होत्या. मग भाकरी थापता थापता त्यांनी वासराचं सांगितलं. त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षीची गोष्ट. गाय विताना मेली. वासरू तसंच राहिलं, कुणी न चाटलेलं. चालायला लागलं तसं जाऊन वरच्या कुंडाच्या काठावरचं निवलेलं पाणी प्यालं. त्यानंतर त्याचं अंग तापलं, केस सदा ओले. तोंड फिरवून ठेवलं तरी पुन्हा कुंडाकडेच वळायचं. दावं तोडून जाईल म्हणून सासऱ्यांनी दोन दाव्यांनी बांधलं. एका सकाळी खुंट्याशी पडलेलं दिसलं. हात लावला तर मांस हाडावरून सुटून आलं. "शिजलं व्हतं ताई. बांधल्या जागी. गाठोड्यातल्या तांदळावानी."

मी विचारलं, आधीच का नाही सांगितलं? त्या चिडल्या. "सांगलं नाय व्हय? थुकली का म्हनून इचारलं. तू मला कुकर दाखवला."

२१ डिसेंबर, शनिवार. नाशिक

सकाळच्या पहिल्या जीपने घरी आले.

आरू पलंगावर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. टीव्ही तिच्या पाठीमागे चालू होता. मी तिला माझ्याकडे वळवलं, ती हसली, गळ्यात पडली, "माझा पगार आणलास?" म्हणाली, आणि बोलता बोलता पुन्हा हळूहळू भिंतीकडे वळली. तिला ते कळतही नव्हतं. ती भिंत पश्चिमेची.

ताप एकशे दोन. डॉक्टर म्हणतात व्हायरल आहे, साथ आहे. डोक्याची त्वचा तपासली, काही नाही. केस मात्र ओले. पुसले की पुन्हा ओले, मुळाशी. मी वास घेतला. मला तो वास ओळखू येतो. मी पंधरा दिवस त्याच वासात राहते आहे.

दुपारी बाथरूममधून पाण्याचा आवाज आला. ती गीझरच्या नळाखाली हात धरून उभी होती. पाण्याची वाफ आरशावर चढली होती. मी नळ बंद करायला गेले आणि माझ्या बोटांना फोड आले. तिच्या हातांवर काही नाही. ती म्हणाली, "आई, एवढंच गरम होतं का गं तुमच्याकडे?"

रविराजला सगळं सांगितलं. तो अंबडच्या कारखान्यातली पाळी संपवून आला होता, दमलेला. शांतपणे ऐकलं. मग माझ्या बोटांना मलम लावलं आणि म्हणाला, तू बरेच दिवस झोपलेली दिसत नाहीस.

मी ताटात भात कालवला, एक घास अर्धा खाल्ला आणि उरलेला तिच्यापुढे धरला. आयुष्यात पहिल्यांदा. ती मागे सरकली. "शी, आई! उष्टं?" रविराजही म्हणाला, अगं, आजारी आहे ती, तूच तर सांगत असतेस.

मी घास खाली ठेवला.

२३ डिसेंबर, सोमवार

पुन्हा उनपाड्यावर. वरच्या कुंडातली पुडी काढायला आले. रविराजला वाटतं मी उपकरणं आणायला आले आहे.

मालनबाईंना विचारलं, दिलेलं परत कसं घेतात? त्या म्हणाल्या, आधी उष्टं करत्यात. नंतर कुनी केलं नाय. करून उपेग व्हतो का नाय, मला काय म्हाईत? मी म्हटलं, तरी. त्यांनी चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाल्या, गाय जिती असती तर तिनं चाटलंच असतं ना, उशिरा का व्हईना.

दोरा ओढला. पुडी जड लागली. जेवढे केस सोडले होते त्याहून जास्त होते आत. लांब. मी बोटभर तुकडे केले होते.

मी या विषयात वीस वर्षं घालवली आहेत. अनोळखी बुरशीला उघड्या हाताने शिवू नये, हे मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवते.

मी ते केस तोंडात घातले. पुन्हा पुन्हा लाळेने भिजवले. चावले. गरम होते, आणि चव — गोडसर. दुधाची. ही माझी आहे, असं मी मनातल्या मनात म्हणत राहिले. माझी आहे, माझी आहे. मग पुडी चुलीत जाळली.

२५ डिसेंबर, बुधवार

ताप उतरला! रविराजचा फोन. उशी कोरडी. सकाळी तिने पोहे मागून खाल्ले, पाठमोरी नाही, त्याच्यासमोर बसून. मी उंचवट्यावर उभी राहून रडले. शाळेतली पोरं बघत होती. मालनबाईंना सांगितलं तर त्यांनी पदराने माझे डोळे पुसले, "येडी गं तू," म्हणाल्या.

उद्याच निघायचं होतं, पण गोरक्षची जीप बिघडली आहे. परवा.

जीभ खरखरीत वाटते आहे. बोटांसारखीच पोळली असेल.

२६ डिसेंबर, गुरुवार

आरसा पाहिला.

जिभेवर पांढरं. मध्यावर नाही. दोन ठिकाणी, शेजारी शेजारी. डावं थोडं मोठं.

लाळेचा थेंब काचेवर घेतला. तेच धागे.

खरडून काढलं. रक्त आलं. संध्याकाळपर्यंत पुन्हा पांढरं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आरू पुन्हा भिंतीकडे. ताप एकशे तीन. म्हणजे काहीच परत आलं नव्हतं — एक दिवस मोकळं सोडलं होतं फक्त — मी घरी निघावं म्हणून? की —

रविराजला फोनवर सांगितलं, तिला तिथेच ठेव, इकडे आणू नकोस, काही झालं तरी आणू नकोस. तो सारखं विचारत राहिला, काय म्हणतेस? नीट बोल. तुझं बोलणं कळत नाही. जीभ जड झाली आहे. शब्द तोंडात फुगतात.

नाशिकला जायचं नाही. हे तोंडात घेऊन तिच्या जवळ —

खोलीतल्या सगळ्या बश्या जाळल्या. प्लॅस्टिकच्या धुराने मालनबाई खोकत बाहेर गेल्या. जळतानाही टाळूचा वास.

२८ डिसेंबर

बोलता येत नाही आता. मालनबाईंना लिहून दाखवलं, त्यांना वाचता येत नाही. त्यांनी हात धरला. माझा हात त्यांना पोळला.

मी ओट्यावर बसते तेव्हा तोंड कुठे असतं, ते आज बघितलं.

शाळेच्या मास्तरांच्या फोनवरून रविराजला मेसेज केला — येऊ नकोस. त्याचं उत्तर आलं: निघालोय. आरूला घेऊन. तुझं काय चाललंय ते डोळ्यांनी बघायचंय. ती पण तुझाच हट्ट धरून बसलीय. गरम पाण्याकडे जायचं म्हणते.

माझा हट्ट नाही रे तो.

२९, रविवार

आले.

गाडीतून उतरली ती थेट वरच्या कुंडाकडे. माझ्याकडे बघितलंही नाही. अनवाणी, भराभर. मी मधे आडवी झाले. रविराजने तिला उचललं. आणि मग माझं तोंड बघितलं.

त्याने तिला खोलीत नेलं. आतून कडी घातली. बरोबर केलं त्याने. मीही हेच केलं असतं.

गोरक्षकडे गाडी बघायला माणूस धाडलाय. रविराजच्या गाडीचं चाक पंक्चर. हॉस्पिटल लांब. तो आतून ओरडतोय, ताप एकशे पाचच्या वर, थर्मामीटर पुढे दाखवतच नाही. ओल्या पट्ट्यांतून वाफ निघते म्हणतो. तो घाबरलाय. रवी, मी सांगितलं होतं ना, वासराचं. बांधल्या जागी —

बाहेर सोडली तर कुंड. आत ठेवली तर —

खिडकीशी उभी आहे ती. गज धरून. खिडकी पश्चिमेची. मी तिच्या आणि कुंडाच्या मधे उभी राहिले की ती मला बघते. बघतेच असं नाही. पण तोंड इकडे आहे. केस ओले. तिला वाचता येतं. मोठ्या अक्षरात लिहून वही गजांशी धरते आहे.

मालनबाईंनी भात आणलाय. मी घास घेतला. अर्धा खाल्ला. अर्धा हातात.

मला माहीत आहे या घासात काय आहे. भिंगाखाली बघितलंय मी. माझ्या लाळेत तेच आहे. खाल्लास तर ते तुझ्यात जाईल — आणि न खाल्लास तर तू कुणाचीही — गायीनं चाटलं असतं तर वासरू राहिलं असतं, हेही खरं आहे ना? दोन्ही खरं आहे. कोणतं आधी खरं, ते मला —

आणि हे मीच मागते आहे का? की माझ्या तोंडातून —

नाही. मी आहे. आई आहे मी. केस विंचरताना तुझे भोवरे मोजणारी. तुझा घास पंख्याखाली धरणारी. फुंकर घालायला हवी होती गं.

आरू, हे वाच.

बाबा नाही म्हणतील. तू पण शी म्हणशील. मीच शिकवलंय तुला, तुझं काही चुकत नाही.

एकच घास.

गजातून हात बाहेर काढ. डोळे मिटून खा हवं तर. आईचं उष्टं आहे, दुसऱ्या कुणाचं ना—

आरू, इकडे बघ. कुंडाकडे नको. माझ्याकडे. एकच घास, बाळा, खाशील का माझा एक